चार्जरपुढे नारळ फुटला, चाचणीचे काय?

खेड्यापाड्यांत विजेवरची दुचाकी आता नवलाची राहिलेली नाही. डेअरीवर दूध घालणारा पोरगा, हायस्कुलातले मास्तर, आठवडे बाजारात ई-रिक्षा फिरवणारा गडी, सगळ्यांच्या दारात ती आली. एसटी महामंडळाची 'शिवाई' ही विजेवरची बस १ जून २०२२ रोजी पुणे ते अहमदनगर, म्हणजे आताचे अहिल्यानगर, या मार्गावर धावली. राज्य सरकारने २०२५ साली नवे इलेक्ट्रिक वाहन धोरण आणले, त्याची मुदत २०३० पर्यंत आहे. पेट्रोलचा खर्च वाचतो हे खरेच आहे आणि त्याबद्दल आमची काही तक्रार नाही. तक्रार आहे ती चार्जर बसवण्याच्या आपल्या पद्धतीबद्दल.

ग्रामपंचायतीच्या आवारात किंवा बाजारतळावर चार्जर बसतो तेव्हा काय होते? ठेकेदार पेटी भिंतीला ठोकतो, केबल ओढतो. फीत लागते, नारळ फुटतो. सरपंचांच्या पुतण्याची गाडी पुढे घेतात, तिला वायर लावतात, हिरवा दिवा लागतो, टाळ्या पडतात. दुसऱ्या दिवशी बिलाची फाइल फिरू लागते. चार्जर 'चालू' झाला, म्हणजे तो 'तपासला' असे धरून चालतात. वास्तविक या दोन गोष्टींचा एकमेकींशी फार थोडा संबंध आहे. गाडीत वीज जाते की नाही, हे हिरवा दिवा सांगतो. काही बिघडले तर ती वीज क्षणात तुटेल की नाही, हे तो सांगत नाही. आणि माणूस मरतो तो या दुसऱ्या गोष्टीने.

शेतकरी बंधूंना हे वेगळे सांगायला नको. सोयाबीनच्या पिशवीवर लेबल असते, टॅग असतो, तरी घरचे बियाणे असो की दुकानातले, शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतो आणि सत्तर उगवले का ते मोजतो. पिशवी नुसती बघून पेरणी करणारा जून अखेरीस दुबार पेरणीला उभा राहतो. चार्जरच्या बाबतीत मात्र दुबारची सोय नाही.

आता हे यंत्र काम कसे करते ते थोडे समजून घेऊ. घरी स्कूटरबरोबर जो विटेसारखा चार्जर मिळतो तो साध्या तीन पिनांच्या सॉकेटवर चालतो. सार्वजनिक ठिकाणी २०१७ च्या सुमारास आलेल्या 'भारत एसी ००१' नमुन्याच्या पेट्या आहेत, त्यांत १६ अँपिअरची निळी गोल औद्योगिक सॉकेट असतात. चारचाकीसाठी बहुतेक ठिकाणी लांब केबलला पेट्रोल पंपासारखी गन असते. या गनमध्ये फेज, न्यूट्रल आणि अर्थ यांच्याशिवाय बारीक पिनाही असतात. त्यातल्या एकीला पायलट म्हणतात. गाडी लावलेली नसते तेव्हा या पायलटवर १२ व्होल्ट असतात. गाडी जोडली की ते ९ वर येतात. गाडी 'मी तयार आहे' म्हणाली की ६ वर येतात, आणि तेव्हाच पेटीतला कॉन्टॅक्टर टक् करून जोडला जातो व गनच्या मोठ्या पिनांत वीज येते. म्हणजे जमिनीवर पडलेली गन मुडदा असली पाहिजे. पोराने बोट घातले तरी त्यात काही नसले पाहिजे. अर्थची तार मध्येच तुटली तर पायलटचा फेरा तुटतो आणि चार्जरने लगेच वीज सोडली पाहिजे.

'पाहिजे' हा शब्द इथे मुद्दाम वापरला आहे. कॉन्टॅक्टरचे टोक चिकटून बसले असेल तर गन कायमची जिवंत राहते, आणि गाडी मात्र रोज नीट चार्ज होते. कुणाला पत्ताच लागत नाही.

हे शोधण्यासाठी तपासणीचे एक साधन मिळते. दिसायला हातात मावणारी डबी. ती गनला लावली की ती गाडीचे सोंग घेते. तिच्यावरचा खटका फिरवला की चार्जरला वाटते गाडी नाही, मग वाटते गाडी लागली, मग वाटते गाडी तयार झाली. प्रत्येक पायरीवर गनच्या पिनांत व्होल्टेज आहे की नाही ते मीटरने बघायचे. पुढचा भाग महत्त्वाचा. त्याच डबीवरून मुद्दाम बिघाड करता येतो: अर्थ तुटल्याचे नाटक करता येते, पायलट अर्थला चिकटल्याचे नाटक करता येते. दोन्ही वेळा चार्जरने तात्काळ वीज तोडून तांबडा दिवा दाखवला तर तो पास. नुसती खरी गाडी लावून ही चाचणी होतच नाही, कारण खरी गाडी बिघाडाचे सोंग घेत नाही. ज्या ठेकेदाराकडे ही डबी नाही त्याने 'टेस्टिंग केले' असे लिहून दिले असेल तर त्याने काय टेस्ट केले, हे सरपंच मंडळींनी जरूर विचारावे.

पण खेड्यातली खरी दुखणी या पेटीच्या आत नसून पेटीच्या खाली, मातीत आहेत. अर्थिंग हा विषय इलेक्ट्रिकचा समजला जातो. तो निम्मा मातीचा आहे, म्हणून त्यावर चार शब्द जास्त लिहितो.

आपल्याकडे बहुतेक घरांना आणि कार्यालयांना स्वतःचा अर्थिंगचा खड्डा असतो. पत्रा किंवा पाइप पुरतात, भोवती मीठ-कोळसा घालतात. काळ्या जमिनीत ओल असताना हा खड्डा फार छान काम करतो. पण तीच काळी जमीन एप्रिल-मे मध्ये भेगाळते, आकसते, पाइपाच्या अंगापासून सुटते. मुरमाड जमिनीत तर पावसाळ्यातही वीज सहज मुरत नाही. मीठ दोन-तीन पावसाळ्यांत धुऊन जाते. वरची पट्टी नटबोल्टापाशी गंजते. कधी गटाराचे काम करताना जेसीबीने तार तुटते आणि कुणी बघत नाही. तेव्हा ऑगस्टमध्ये घेतलेला अर्थिंगचा आकडा मे महिन्यात खरा असेलच असे नाही. जो ठेकेदार पावसाळ्यात मोजमाप करून कागद देतो, त्याच्याकडून उन्हाळ्यात पुन्हा एकदा आकडा घ्यायचा. खड्डा कुठे खोदायचा हेही आपल्या हातात आहे. हातपंपाच्या किंवा पाण्याच्या टाकीच्या सांडपाण्याजवळ खोदला तर बारा महिने ओल राहते. बांधकाम खात्याच्या नकाशात हे लिहिलेले नसते, पण गावातल्या कुठल्याही म्हाताऱ्याला ओल कुठे टिकते ते ठाऊक असते.

अर्थिंग बघण्याची गावची पद्धत म्हणजे बल्ब. वायरमन फेजची एक तार आणि अर्थची एक तार धरून शंभर वॉटचा बल्ब लावतो. लागला की 'अर्थिंग एकदम ओके'. हा हिशेब जरा करून बघू. शंभर वॉटचा बल्ब जेमतेम ०.४ अँपिअर घेतो. अर्थिंगचा खड्डा अगदी वाया गेलेला, म्हणजे १०० ओमचा असला तरी बल्ब थोडा मंद का होईना, पण लागतो. आता त्याच खड्ड्यावर चार्जरमधला फेज पत्र्याला चिकटला असे धरा. २३० भागिले १००, म्हणजे २.३ अँपिअर एवढाच प्रवाह जमिनीत जाईल. १६ अँपिअरचा एमसीबी २.३ अँपिअरला जागचा हलणार नाही. तो पडणार नाही आणि पत्रा जवळजवळ पूर्ण २३० व्होल्टने जिवंत राहील, तासन् तास. खड्डा चांगला, २० ओमचा असला तरी साडेअकरा अँपिअरच होतात, तरीही एमसीबी पडत नाही. शिवाय तो बल्ब लावलेला असतो तेवढा वेळ घरातल्या अर्थ जोडलेल्या प्रत्येक पत्र्यावर दाब चढतो, तो धोका वेगळाच. म्हणून बल्बची परीक्षा बंद करावी. अर्थ टेस्टर नावाचे यंत्र असते, त्याच्या खुंट्या जमिनीत ठोकून ओममध्ये आकडा येतो. तो आकडा वहीत लिहावा.

याच हिशेबातून दुसरी गोष्ट कळते. आपल्या जमिनीत एकट्या एमसीबीच्या भरवशावर राहता येत नाही, आरसीसीबी हवाच. गेलेली वीज आणि परत आलेली वीज यांत ३० मिलीअँपिअरचा, म्हणजे एका अँपिअरच्या तेहतिसाव्या भागाचा फरक पडला की तो पडतो. खड्डा १०० ओमचा असला तरी आरसीसीबी असेल तर २.३ अँपिअरला तो लगेच उडतो. त्यावर 'टी' असे लिहिलेले बटण असते, ते महिन्यातून एकदा दाबावे. मात्र लक्षात ठेवा, ते बटण अर्थिंग मुळीच नसले तरी काम करते. त्याने आरसीसीबीचा खटका अडकलेला नाही एवढेच कळते. किती मिलीअँपिअरला आणि किती वेळात तो पडतो हे यंत्रानेच मोजावे लागते: १५ मिलीअँपिअरला पडता कामा नये, ३० ला ३०० मिलीसेकंदांच्या आत पडला पाहिजे, १५० ला ४० मिलीसेकंदांच्या आत.

विकत घेताना अजून एक बघावे. चार्जर एसी विजेची डीसी करतो, त्यामुळे त्याच्या गळतीचा आकार वेगळा असतो. बाजारात स्वस्तात मिळणारे बरेच आरसीसीबी 'एसी' प्रकारचे असतात, त्यांवर चौकोनात फक्त एक नागमोडी रेघ असते. त्यांना ही गळती नीट दिसत नाही. चार्जरसाठी निदान 'ए' प्रकारचा लागतो, त्यावर नागमोडी रेघेखाली अर्ध्या लाटांचीही खूण असते. दुकानदार 'सगळे सारखेच' म्हणेल. सारखे नाहीत.

आता ज्या प्रकारामुळे हा लेख लिहावासा वाटला तो सांगतो. कामानिमित्त फिरताना एका गावी दुचाकीचा चार्जर बघितला. नव्या चार्जरांना अर्थ नसेल तर ते चालू व्हायला नकार देतात, तांबडा दिवा लुकलुकतो. इथे मात्र हिरवा दिवा, आणि अर्थिंगचा खड्डा कुठे दिसेना. वायरमनला विचारले. तो म्हणाला, "साहेब, लाल दिवा मारत होता. मी सॉकेटात अर्थची पिन न्यूट्रलला टाकली, झाला की हिरवा. सगळीकडं असंच करत्यात." पोरगा हुशार, कामाला चांगला, दोनशे रुपये घेऊन गिऱ्हाइकाचे काम केले. पण हे काम जीवघेणे आहे. वादळात फांदी पडून किंवा जंपर जळून खांबापासून घरापर्यंतचा न्यूट्रल तुटला, तर घरातल्या चालू पंख्यातून, फ्रिजमधून आलेला फेज त्या तुटक्या न्यूट्रलवर उभा राहतो. एरवी पंखा बंद पडतो एवढेच होते. इथे न्यूट्रल अर्थच्या पिनेला बांधलेला. म्हणजे चार्जरचा पत्रा जिवंत, आणि गाडीचा सांगाडा अर्थला जोडलेला असेल तर गाडीही जिवंत. त्या घरात आरसीसीबी नव्हता. आपल्या गावांत न्यूट्रल किती वेळा तुटतो हे मी सांगायला नको. आणि ज्या तीन दिव्यांच्या प्लगने वायरमन सॉकेट तपासतात तो प्लग ही चोरी पकडत नाही. न्यूट्रल आणि अर्थ यांतला फरक त्याला कळत नाही, तो 'ठीक' दाखवतो.

तांबडा दिवा म्हणजे चार्जरने फुकटात करून दिलेला अर्थिंगचा अहवाल आहे. तो दिसला की खड्डा बघायचा, पिन फिरवायची नाही. ज्यांच्या घरी असे झाले असेल त्यांनी सॉकेट उघडून बघायला परवानाधारक वीजतंत्री बोलवावा, आणि तोवर त्या सॉकेटवर गाडी लावू नये.

गोठ्यात चार्जिंग करणाऱ्यांना तर हात जोडून विनंती आहे. गोठ्याची जमीन शेण-मुताने कायम ओली, दावण लोखंडी अँगलला, आणि जनावराला माणसापेक्षा कमी व्होल्टेजचा धक्काही पुरतो. शिवाय शेजारी कडब्याची गंज. चार्जर चांगला असला तरी बॅटरी दगा देऊ शकते, ती वेगळी गोष्ट आहे आणि चार्जरच्या चाचणीने ती भागत नाही. २०२२ साली वसईत घरात चार्जिंगला लावलेल्या स्कूटरच्या बॅटरीचा स्फोट होऊन सात वर्षांच्या मुलाचा जीव गेला. त्या वर्षी देशात अशा आगी लागल्यावर बॅटरीचे नियम दोन टप्प्यांत कडक झाले, दुसरा टप्पा मार्च २०२३ अखेर लागू झाला. जुनी गाडी असेल तर ती या नियमांच्या आधीची आहे हे ध्यानात ठेवून झोपायच्या खोलीत आणि बाहेर पडायच्या दाराशी चार्जिंग करू नये. चार्जर गाडीबरोबरचाच वापरावा. ६० व्होल्टचा चार्जर ४८ व्होल्टच्या बॅटरीला, किंवा शिसे-ॲसिडचा लिथियमला, हे उद्योग बाजारात सर्रास चालतात. पिन बसते म्हणून जोडी जुळते असे नाही.

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी, ज्यांना लोक अजून ग्रामसेवकच म्हणतात, यांच्यासाठी नियम काय ते थोडक्यात सांगतो. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने सुरक्षेच्या नियमांत २०१९ साली चार्जिंग स्टेशनांसाठी वेगळ्या तरतुदी घातल्या. त्यानुसार सॉकेट जमिनीपासून निदान ८०० मिलिमीटर उंच हवे. गाडी उभी केल्यावर तिची जोडणी चार्जरपासून ५ मीटरच्या आत यावी. जोडवायर, म्हणजे एक्स्टेन्शन बोर्ड, चालत नाही. आरसीसीबी ३० मिलीअँपिअरपेक्षा जास्तीचा नको, निदान 'ए' प्रकारचा आणि न्यूट्रलसकट सगळ्या तारा तोडणारा हवा. गाडीपर्यंतचा अर्थ तुटला तर वीज बंद करणारी व्यवस्था हवी. वीज जोडण्याआधी तपासणी, मग पहिली तीन वर्षे दरवर्षी, नंतर दर चार वर्षांनी. आणि चाचण्यांचे कागद सात वर्षे जपून ठेवायचे. ही जबाबदारी चार्जिंग स्टेशनच्या मालकाची. पंचायतीच्या पेटीचा मालक पंचायत, ठेकेदार नव्हे. ठेकेदार बिल घेऊन गेला की सात वर्षांत किती सरपंच बदलतात ते तुम्हीच मोजा.

चार वर्षांचे अंतर आमच्या मते आपल्या उन्हाला फार लांब आहे. पेटीची पूर्ण तपासणी नियमाप्रमाणे होऊ द्या, पण अर्थिंगचा आकडा आणि आरसीसीबीची वेळ दरवर्षी मे महिन्यात घ्यायला काय हरकत आहे? दोन्ही मिळून तासाभराचे काम नाही. अंदाजपत्रकातच 'चाचणी व अहवाल' अशी स्वतंत्र बाब घालावी आणि मोजमाप पुस्तिकेत आकडे चढल्याशिवाय अंतिम बिल काढू नये. 'सदर काम समाधानकारक आहे' हे वाक्य चाचणीचा अहवाल होत नाही. अहवालात ओम असावेत, मिलीसेकंद असावेत, तारीख असावी, कोणत्या यंत्राने मोजले ते असावे. विद्युत निरीक्षकांचे कार्यालय आहे, आयटीआयमधून वीजतंत्री आणि तारतंत्री शिकून बाहेर पडलेली आपलीच पोरे आहेत. दोन-चार पंचायतींनी वर्गणी काढून एक टेस्टर घेतला आणि त्यातल्या एखाद्या पोराला तो वापरायला शिकवले, तर गावातले घरगुती सॉकेटही त्याच फेरीत तपासून होतील.

जाता जाता कृषिपंपाच्या वीजजोडणीबद्दल. स्टार्टरच्या पेटीतून तार काढून गाडी लावणारे शेतकरी आहेत. पंपाची वीज पंपासाठी सवलतीत दिलेली असते. ती दुसऱ्या कामाला वापरली तर वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली तो अनधिकृत वापर धरला जातो आणि आकारणी होते. घरच्या मीटरवर स्वतःची गाडी चार्ज करता येते, तिथेच करावी. आणि त्या स्टार्टरच्या पेटीतल्या फ्यूजमध्ये घातलेली जाड तार, बायपास केलेला कटआउट यांच्याविषयी पूर्वी याच पानावर लिहिले आहे, पुन्हा लिहीत नाही.

घरी आज करता येण्यासारखे एवढेच: गाडी तासभर चार्ज झाल्यावर बटण बंद करून प्लग काढा आणि सॉकेटच्या प्लॅस्टिकला उलटा हात लावून बघा. गरम लागले, पिवळे-काळे पडले असले, तर आतली जोडणी सैल आहे किंवा सॉकेट कमी ताकदीचे आहे. पंख्याच्या ६ अँपिअरच्या सॉकेटवर रात्रभर गाडी लावायची नसते. १६ अँपिअरचे वेगळे सॉकेट, त्याला थेट बोर्डापासून स्वतंत्र तार, मध्ये पिळलेला जोड नाही.

१ मे रोजी ग्रामसभा असते. जमीन तेव्हा सर्वांत कोरडी, अर्थिंगचा आकडा तेव्हा सर्वांत खरा. ज्या पंचायतीने चार्जर बसवला आहे तिने त्या आठवड्यात मोजमाप करून घ्यावे, सभेत खड्ड्याचे ओम आणि आरसीसीबीचे मिलीसेकंद मोठ्याने वाचून दाखवावेत आणि तो कागद फलकावर टँकरच्या वेळापत्रकाशेजारी लावावा.